सहा पावलांवरची नोकरी

शिवणवाली दारात उभी होती. हातात सफरचंदांची पिशवी आणि चेहरा असा, की तिच्याच घरात काहीतरी झालंय. "नानांचं ऑपरेशन कधी आहे?" तिनं कुजबुजत विचारलं. दार उघडणाऱ्या मधलीला आधी वाटलं, बाई मजला चुकली. पण शिवणवाली बरोब्बर यांच्या डोक्यावर राहायची, बारा वर्षं तिचं मशीन मधलीच्या छतातून घरघरत होतं, ती कशाला मजला चुकेल? "कुठलं ऑपरेशन?" मधली म्हणाली. "अहो, माझ्यापासून काय लपवता? पोट उघडून आतड्याचा तुकडा काढायचा म्हणून परवा तुम्हीच सांगत होता ना त्यांना? चांगलं तीनदा सांगितलंत. मी मशीन थांबवून ऐकलं." मागच्या खोलीत नाना, म्हणजे मधलीचे सासरे, वय वर्षं चौऱ्याऐंशी, टोस्ट चावत होते. तो कुरकुर आवाज दारापर्यंत येत होता. आतडं काढायला निघालेला माणूस असा टोस्ट खात नाही, पण शिवणवालीला त्यातही नानांचं धैर्यच दिसलं असावं, कारण तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. "नानांना काही झालेलं नाही हो," मधली म्हणाली. "कळलं, कळलं. त्यांना कळू द्यायचं नाही ना? माझ्या तोंडून ब्रसुद्धा निघणार नाही. सगळ्या मजल्यांवर बजावून आलेय मी, नानांसमोर विषय काढू नका म्हणून."

दार लागलं आणि मधली पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिली. सगळ्या मजल्यांवर! म्हणजे काल जिन्यात तळमजल्याचा न्हावी नानांचा हात धरून 'काळजी घ्या' म्हणाला तो उगीच नव्हे. आणि नानांनी, प्रश्न ऐकू आलेला नसताना, सवयीनं 'उत्तम! एकदम उत्तम!' म्हणून गर्जना केली तेव्हा त्या न्हाव्याचे डोळे पाणावले तेही उगीच नव्हे. मधलीला हसू यायला लागलं आणि लगेच थांबलंही. कारण आतडं नानांचं नसलं तरी कुणाचं तरी होतं. कुठल्या तरी गावातल्या, कुठल्या तरी खाटेवरच्या माणसाचं ते आतडं, आणि तिनं ते छपराला धक्का लागेल अशा आवाजात चार मजल्यांना वाटून टाकलं होतं. डॉक्टरांचं बोलणं टाइप करून घेणाऱ्या कंपनीनं पाठवलेल्या नियमांच्या कागदावर पाचवा नियम ठळक अक्षरांत होता: रुग्णाबद्दल ऐकलेलं कानातून थेट बोटांत जावं, जिभेवर येऊ नये. खाली तिची सही होती. साडेनऊ वाजले होते आणि अकरा वाजता तपासनीस बाईंचा फोन यायचा होता, चाचणीचा निकाल सांगायला. हे सगळं नवऱ्याला सांगावं तर तो केव्हाच आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जाऊन, डोळ्याला भिंग लावून, कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात शिरला असणार.

तिनं सफरचंदं टेबलावर ओतली आणि त्यांच्याकडे बघत बसली. बोटं मात्र मांडीवर चालू होती. ही तिची जुनी खोड. काही मनात आलं की बोटं ते टाइप करायची. एकोणीस वर्षं ती एका वकिलाची टायपिस्ट होती. वकीलसाहेब खोलीत येरझाऱ्या घालत बोलायचे, मध्येच अशिलावर चिडायचे, मध्येच स्वतःवर, आणि मधलीला कळायचं की यातलं कागदावर काय घ्यायचं आणि काय हवेत सोडायचं. साहेबांनी तारीख चुकवली, नाव उलटं घेतलं, तर ती गुपचूप नीट करायची. साहेब वाचून म्हणायचे, 'वा, काय नेमकं सांगितलंय मी!' त्यांना पत्ता नसायचा आणि तिला त्यात केवढी मजा यायची! मग साहेबांनी वकिली सोडली, कचेरीच्या जागी चपलांचं दुकान आलं, आणि पन्नाशीची मधली घरी आली. घरी आली म्हणजे तशी ती घरीच होती की, असं सगळ्यांना वाटलं. फक्त तिलाच वाटलं की कुणीतरी हात मनगटापासून काढून ठेवलेत. चार ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी चकाचक शर्टातला एक पोरगेलासा साहेब खूप प्रेमानं म्हणाला, 'आता सगळे आपापलं टाइप करतात, मावशी.' तो मावशी म्हणाला तेच जास्त लागलं. येताना ती बसमध्ये एक थांबा पुढे गेली, परत चालत आली, आणि त्या अर्ध्या तासात बोटांनी पदराआड त्याला चार पानी उत्तर टाइप केलं.

त्यात धाकटीची भर. तीन बहिणींतली ही मधली, म्हणून सगळ्या जगाची मधली. थोरलीला मान मिळाला, धाकटीला लाड मिळाले, मधलीला कामं मिळाली, असं त्यांची आईच हसत म्हणायची. धाकटी दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर, पदरी जुळी पोरं, आणि त्यांना सांभाळणारी बाई महिन्यापूर्वी सोडून गेलेली. "ये ना गं दोनेक वर्षं. पोरं शाळेत जाईपर्यंत," धाकटी फोनवर म्हणाली होती. "तुझं काय, तू मोकळीच आहेस." मोकळीच! मधलीला पोरांचा राग नव्हता, पोरं गोडच होती, दोघांच्याही खळ्या एकाच गालावर. पण तो शब्द तिच्या अंगाला चिकटला तो निघेचना. भांडी घासताना, नानांच्या कानात औषध घालताना, नवऱ्याला डबा देताना ती मनात म्हणायची, ही बघा मोकळी. पण धाकटीला 'नाही' म्हणणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं. लहानपणी स्वतःच्या वाटणीची खिडकीची जागा दिली, मोठेपणी पहिल्या पगाराची साडी दिली. आताही 'बघते' म्हणाली होती, आणि मधलीच्या 'बघते'चा अर्थ धाकटी 'हो' असाच धरते. सोमवारी अकराला फोन करते, तेव्हा यायची तारीख ठरवू, असं सांगून धाकटीनं फोन ठेवलाही होता.

म्हणून ही जाहिरात दिसली तेव्हा मधलीनं बुडत्यानं काडी धरावी तशी ती धरली. घरी बसून डॉक्टरांचं बोलणं ऐकायचं आणि टाइप करायचं. अट एकच, शांत खोली हवी, दाराची. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती, तिथून तिनं दोन दिवसांत तीन पिढ्यांची अडगळ हलवली, भिंतींना जुन्या रजया ठोकल्या, खाली पायापाशी कंपनीनं पाठवलेलं पेडल ठेवलं. पाय दाबला की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की वाक्याच्या मध्यात गप्प. या एका गोष्टीनं ती पहिल्याच दिवशी इतकी खूश झाली, की पाच मिनिटं नुसती त्याला गप्प करत बसली. साहेबांनाही असं गप्प करता आलं असतं तर! आणि मग तो आवाज. रजयांच्या अंधुक उबेत, कानाला लावलेल्या हेडफोनच्या वाट्यांत, परका माणूस श्वास घ्यायचा, घसा साफ करायचा, कागद उलटायचा, दमलेला असायचा तेही कळायचं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती पण नवऱ्याचाही श्वास तिनं इतक्या जवळून ऐकला नव्हता, कारण तो कुशीवर वळला की लगेच घोरायलाच लागायचा. पहिल्या सरावात तिनं भक्तिभावानं सगळंच टाइप केलं. 'रुग्णाची नाडी व्यवस्थित आहे. अरे, ते दार लाव. नाही, हे लिहू नका. माझा चष्मा कुठे गेला.' तपासनीस बाईंनी त्यावर लाल अक्षरांत लिहून पाठवलं होतं, 'चष्मा सापडला का?' मधली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकटीच हसत होती.

अडचण फक्त औषधांची होती, आणि ती सोडवायला देव घरातच बसला होता. नाना चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांना लागायचं नाही ते नानांना लागायचं. त्यांचे कान गेले होते, औषधं मात्र सगळी जागेवर होती. मधलीला ऐकू यायचं पण कळायचं नाही, नानांना कळायचं पण ऐकू यायचं नाही. दोघं मिळून एक अख्खा माणूस! ती खोलीतून धावत यायची, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची, "नाना, पोट उघडून आतड्याचा तुकडा काढलाय, त्यावर काय देतात?" आणि नाना डोळे मिटून, जणू जुन्या कपाटाचा एकेक खण उघडत, नाव सांगायचे, मात्रा सांगायचे, वर बाटलीचा रंगही सांगायचे. पूर्वी दिवसभर खिडकीशी बसून डुलक्या काढणारा माणूस आता सकाळी दाढी करून, सदरा घालून तयार बसायचा. तिसऱ्या दिवशी तर म्हणाले, "सूनबाई, आज रोगी कमी आहेत वाटतं." हे सगळं इतकं छान चाललं होतं, की पाचवा नियम आपण दिवसातून दहा वेळा पायदळी तुडवतोय हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आपल्या घरातल्या घरात, सासऱ्याशी बोलताना कसला आलाय नियम? बहिऱ्या माणसाला सांगितलेलं गुपित हे तिच्या हिशेबी सांगितल्यातच जमा नव्हतं.

पावणेअकरा झाले. सांगू नये, असं एक मन म्हणत होतं. कुणी बघायला आलंय? वकीलसाहेबांचा मंत्रच होता, विचारलं नाही ते सांगू नये, त्याच मंत्रावर त्यांनी तीस वर्षं घर चालवलं. गप्प बसलं की काम मिळेल, पुढे नीट वागू, झालं गेलं. पण दुसरीकडे तो खाटेवरचा माणूस होता. तिनं त्याला पाहिलेलं नव्हतं, पण त्याचं वय ठाऊक होतं, त्याच्या पोटावरच्या जुन्या व्रणाची लांबी ठाऊक होती, त्याला रात्री भूक लागत नाही हे ठाऊक होतं. त्याच्या घरच्यांना तरी हे सगळं ठाऊक असेल का? त्यानं कपडे उतरवून डॉक्टरला दाखवलं ते डॉक्टरला दाखवलं, शिवणवालीला नव्हे. मधलीला स्वतःचीच लाज वाटली, अगदी कानशिलं तापण्याइतकी. नाना आता खिडकीशी बसून आपल्या खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरत होते, तिच्याकडे बघून भुवया उडवत होते, काही विचारायचंय का म्हणून. तिनं मान हलवली, काही नाही. तेवढ्यात मोबाइल वाजला आणि तिच्या हातातून निसटून सफरचंदांत पडला.

"ताई, निकाल सांगण्याआधी एक विचारते," तपासनीस बाईंचा आवाज तिशीतला होता, खणखणीत. "नियमांचा कागद पूर्ण वाचलात ना?" "वाचला आणि मोडला," मधली म्हणाली. एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. नानांचे कान, त्यांची औषधं, आतडं, शिवणवाली, तळमजल्याचा न्हावी, सफरचंदंसुद्धा, सगळं सांगून झालं. "माझ्या हातून त्या माणसाची अब्रू गेली. काम देऊ नका हवं तर, पण त्याला कसं कळवायचं तेवढं सांगा, मी माफी मागेन." पलीकडे काही ऐकू येईना. मधलीनं पाय दाबून पाहिला, सवयीनं, पण खाली पेडल नव्हतं, फरशी होती. मग एक विचित्र आवाज आला. बाई हसत होत्या, फोन तोंडापासून लांब धरून. "ताई, तो माणूस मी बनवलाय," त्या म्हणाल्या. "चाचणीतले सगळे रोगी मीच बनवते. त्याच्या पोटावरचा व्रण माझ्या भावाचा आहे, बाकी सगळं माझ्या मनचं. तीन वर्षांत त्याचं साठ-सत्तर वेळा ऑपरेशन झालंय आणि अजून ठणठणीत आहे." मधली मट्कन खाली बसली. नशीब, खाली खुर्ची होती.

"पण आतापर्यंत हे असं कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि आवाज जरा निवळला. "आता निकाल ऐका. गुडघ्याची फाइल आठवते?" आठवते म्हणजे काय! तिच्यापायी मधलीची एक अख्खी दुपार गेली होती. डॉक्टर सुरुवातीला डावा गुडघा म्हणत होता आणि शेवटी, टाके घालताना, उजवा. साहेब असते तर तिनं डोळे मिटून एक खरा धरून दुसरा बदलला असता, एकोणीस वर्षांचा तो हात तयारच होता. बोट अक्षरावर टेकलंही होतं. मग तिला वाटलं, कागदावर चूक राहिली तर कुणी हसेल, पण आपण चूक झाकली तर ती पुढे कुणाच्या पायापर्यंत जाईल? नानांना तिनं ओरडूनच विचारलं होतं, आणि ते पहिल्यांदाच तिच्यावर डाफरले होते, "मला काय विचारतेस? ज्यानं गुडघा पाहिला त्याला विचार!" तेव्हा तिनं डावाही ठेवला, उजवाही ठेवला, आणि वर लिहिलं: डॉक्टरांनी दोन्ही म्हटलं आहे, कृपया त्यांना विचारावं. "ती चूक मी मुद्दाम घातली होती," बाई म्हणाल्या. "यंदा एकवीस जणांनी ऐकली. बारा जणांनी डावा केला, आठ जणांनी उजवा. एकट्या तुम्ही विचारलंत. सोमवारी दहापासून या कामावर. दहा ते पाच. आणि ताई, सोमवारपासूनची माणसं मात्र खरी असतील, बरं का. ओरडायचं नाही."

मधलीनं 'हो' म्हटलं. मग फोन बंद झाल्यावर आणखी तीनदा 'हो' म्हटलं. ती नानांपाशी गेली, खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसत रडली. नानांनी काही न कळता तिच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "होईल, होईल. पुढच्या वेळी होईल." "नाना, झालं!" ती ओरडली. हे ओरडायला हरकत नव्हती, हे तिचं स्वतःचं होतं. वर मशीन थांबलं. "मिळालं काम!" तिनं पुन्हा सांगितलं, छताकडे बघून. मग तिनं अडगळीतून निघालेली पाटी घेतली आणि नानांना सगळं लिहून दाखवलं, पाचव्या नियमासकट. नानांचा चेहरा जरा उतरला. त्यांची नोकरी दहा दिवसांतच गेली होती. पण चाळीस वर्षं कंपाउंडरकी केलेली, म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही बाटलीवर मात्रा लिहायचो, रोग नव्हतो लिहीत. तू औषधाचं नाव तेवढं लिहून विचार. कोण, कुठला, कशासाठी, ते मला नको. सांगितलंस तरी मी ऐकणार नाही." तिनं विचारल्यावर तपासनीस बाईंनीही एवढ्याला परवानगी दिली. औषधाचा कोश चालतो, मग नाना का नाही, असं त्या म्हणाल्या.

धाकटीला तिनं कळवलं. बोलली नाही, नुसतं लिहिलं: काम मिळालं, यायला जमणार नाही. धाकटीचं उत्तर लगेच आलं. 'अगं, किती छान! घरातूनच आहे ना? मग इथूनही होईल की. पोरं झोपली की करायचं. सोमवारी बोलू.' मधलीनं ते चार वेळा वाचलं. त्यात एकही वाईट शब्द नव्हता. तिला माहीत होतं, सोमवारी अकराला फोन येणार, धाकटी तो लाडिक आवाज लावणार, मागे एक पोरगं रडणार, आणि आपण 'बघते' म्हणणार. त्या 'बघते'चं काय होतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? रात्री नवऱ्यानं तिला घड्याळ दिलं, कुणीतरी दुकानात सोडून गेलेलं, काटे तेवढे नवे. "कामावर जाणाऱ्याला लागतं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

सोमवारी ती नऊ वाजता न्हायली, इस्त्रीची साडी नेसली, चपला घातल्या, स्वयंपाकघरातून सहा पावलं चालली आणि दार लावलं. नानांनी आपली खुर्ची उचलून आणली आणि दाराबाहेर मांडली, मांडीवर पाटी घेऊन. आत रजयांची ऊब होती. दहाला पहिला खरा डॉक्टर तिच्या कानात खोकला. बाईचा आवाज होता, घाईचा, आणि ज्या म्हातारीबद्दल ती बोलत होती ती खरोखर कुठेतरी खाटेवर टेकून बसली असणार या विचारानं मधलीचे पहिले दोन शब्द चुकले. मग बोटांना वाट सापडली. वाक्यामागून वाक्य येत होतं आणि खाली उतरत होतं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला आपली मनगटं जागेवर असल्यासारखी वाटली. इतकं बरं वाटत होतं की भीतीच वाटावी. अकराला मोबाइलचा पडदा उजळला. धाकटी. विझला. पुन्हा उजळला. मधलीनं तो पालथा घातला. मग घरातला फोन वाजायला लागला. नानांना ऐकू यावी म्हणून त्याची घंटा एवढी मोठी ठेवलेली, की वरून शिवणवाली 'घ्या हो तो फोन!' म्हणून ओरडायची. रजया, दार, कानावरच्या वाट्या, सगळं भेदून ती घंटा आत आली. घंटा वाजली आणि मधली उठली नाही असं जन्मात झालं नव्हतं. मांड्यांनी उठायची तयारीही केली. पण पाय पेडलवर होता, म्हातारीचा श्वास कानात होता, आणि ती उठली नाही.

बाहेर खुर्ची सरकली. नाना सावकाश चालत गेले, फोन उचलला गेला, घंटा थांबली. पलीकडून धाकटी बोलत असणार, गोड बोलत असणार, मागे पोरगं रडत असणार. नानांना त्यातलं अक्षर ऐकू येणार नव्हतं. मधलीनं पाय उचलला, डॉक्टरबाई शब्दाच्या मध्यात थांबली, आणि त्या शांततेत नानांचा आवाज आला, दवाखान्याच्या खिडकीतून साठ माणसांच्या रांगेला ऐकू जायचा तसा, "कोण बोलतंय ते मला ऐकू येत नाही! पण जे कोण असाल त्यांनी ऐका. सूनबाई घरी नाहीत. कामावर गेल्यात. पाच वाजता येतील, तेव्हा फोन करा." फोन खाली ठेवला गेला. पावलं परत आली, खुर्ची पुन्हा दाराला टेकली. मधलीनं हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले, तोंड दाबून पोटभर हसून घेतलं, आणि पाय दाबला. डॉक्टरबाई पुढे बोलू लागली.